द्राक्षबाग, वाढरोधके आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड व बागलाण हे तालुके द्राक्षांचे आगर म्हणून प्रसिद्ध आहेत. माघ-फाल्गुनात ओझर-पिंपळगावच्या बाजूने जाणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीची लगबग दिसते. बागेच्या सावलीत घड तपासले जातात, कात्रीने खराब मणी काढून टाकले जातात आणि पेट्या भरून मोटारी शीतगृहाकडे निघतात. २०१० सालच्या हंगामातही हे सर्व नेहमीप्रमाणे चालू होते. माल उत्तम निघाला, पेट्या भरल्या, न्हावा शेवा बंदरातून निघालेला माल सुमारे तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास करून युरोपच्या बंदरांत पोचला आणि तेथेच अडकून पडला.

घड कुजले नव्हते. मण्यांचा आकार कमी नव्हता, गोडीतही उणीव नव्हती. परंतु तेथील प्रयोगशाळांना त्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश सापडला होता. बागाईतदार ज्यास सीसीसी म्हणतात तेच हे वाढरोधक. युरोपीय संघाने द्राक्षासाठी त्याची मर्यादा त्या वेळी किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम अशी ठरविलेली होती व सापडलेला अंश तीपेक्षा अधिक होता. नेदरलँड्स व जर्मनीतील खरेदीदारांनी माल नाकारला. काही माल पडत्या भावाने निघाला, काही नष्ट करावा लागला, आणि इकडे निर्यातदारांनी पुढील खरेदीचा हात आखडता घेतल्याने वेलीवर तयार असलेले घड मिळेल त्या भावाने स्थानिक बाजारात आणावे लागले. ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती त्यांच्या घरांत तो उन्हाळा फार कठीण गेला. ज्यांनी सीसीसीला हातही लावला नव्हता त्यांचा मालही त्याच संशयाखाली सापडला.

अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे किती, याची कल्पना प्रथम करून घ्यावी. एक टन द्राक्षांत हे प्रमाण ५० मिलिग्रॅम भरते. दहा टनांची मालमोटार भरली तर तीत सर्व मिळून अर्धा ग्रॅम. एवढीशी वस्तू शोधून काढणारी यंत्रे आज प्रयोगशाळांत आहेत, आणि तिच्यावरून संपूर्ण मालाचे भवितव्य ठरते.

बागाईतदारांनी त्या वेळी एक प्रश्न विचारला होता व तो रास्त होता. युरोपातील शेतकरी गव्हाचे ताट लोळू नये म्हणून हेच रसायन कित्येक वर्षे गव्हावर फवारीत आले आहेत. गव्हासाठी त्यांनी ठरविलेली मर्यादा द्राक्षाच्या मर्यादेच्या अनेक पट आहे. मग त्यांच्या भाकरीत जे चालते ते आमच्या द्राक्षात का चालू नये? याचे उत्तर मर्यादा ठरविण्याच्या पद्धतीत आहे. ज्या पिकावर एखादे रसायन वापरण्याची त्यांच्याकडे परवानगी आहे, त्या पिकासाठी प्रयोग करून, माणसाच्या रोजच्या आहाराचा हिशेब घालून मर्यादा ठरते. ज्या पिकावर वापर मान्यच नाही, तेथे यंत्राला खात्रीने मोजता येईल असा लहानात लहान आकडा मर्यादा म्हणून लिहिला जातो. द्राक्षाचा ०.०५ हा आकडा या दुसऱ्या जातीचा होता. त्याच्या वर अंश आढळणे म्हणजे खाणाऱ्यास विषबाधा होणे, असा त्याचा अर्थ नाही. मान्यता नसलेली वस्तू मालात आढळली, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु हा भेद तेथील दुकानात द्राक्षे घेणाऱ्या गृहिणीस कोण समजावून सांगणार? तिला एवढेच कळले, की द्राक्षात एक रसायन निघाले आणि विकणाऱ्याने ते आधी सांगितले नव्हते. संशयाचे मूळ पुष्कळदा या न सांगण्यात असते. रसायन किती होते हा प्रश्न लोकांच्या मनात त्यानंतर येतो.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती अद्यापही पुष्कळांना ठाऊक नाही. निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी त्यापूर्वीही होत असे. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर अपेडा या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाने मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साहाय्याने अंश-तपासणीची योजना सुरू केली. २००६ साली ग्रेपनेट ही नोंदपद्धती आली व प्रत्येक निर्यात-बागेस क्रमांक मिळाला. असे असता २०१० साली गफलत कशी झाली? तपासावयाच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. शिवाय या रसायनाचा स्वभाव निराळा आहे. ते पाण्यात अत्यंत विरघळणारे, विद्युत्‌भारित असे क्षार आहे. अनेक औषधांचे अंश एकदम काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही. त्यासाठी स्वतंत्र पद्धतीने तपासणी करावी लागते. पिठाच्या चाळणीने खडे सापडतात, मीठ सापडत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून येथील दाखल्यावर सर्व ठीक असलेला माल तेथील स्वतंत्र तपासणीत अडकला. पुढील हंगामांपासून सीसीसीचा समावेश तपासणीत करण्यात आला.

वेल विसरत नाही

सीसीसी हे कोणी चोरून आणलेले औषध नव्हते. ते दुकानात उघड मिळत असे, आणि खरडछाटणीनंतर वेलीची अवाजवी वाढ रोखून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी यासाठी ते सुचविलेही जात असे. वेल आपल्या अंगात जिबरेलिन नावाचे वाढीचे द्रव्य तयार करते. सीसीसी त्या निर्मितीस अडथळा करते, त्यामुळे पेरे आखूड राहतात, काडी जाड होते आणि डोळ्यांत घड धरण्याची शक्यता वाढते. एप्रिलात फवारलेले औषध पुढच्या फेब्रुवारीत फळात कसे येईल, असे बागाईतदारास वाटले तर त्यात नवल नाही. मध्ये संपूर्ण पावसाळा जातो. पाऊस सर्व धुऊन नेतो अशी समजूत होती.

ही समजूत चुकीची ठरली. पावसाने पानावरचे धुऊन जाते, पानात शिरलेले जात नाही. सीसीसी पानावाटे वेलीत शोषले जाते व रसाबरोबर काडी, ओलांडा आणि खोडापर्यंत पोचते. पावसाळ्यात वेल पुढील बहारासाठी जे अन्न साठविते, त्याच कोठारात याचाही काही भाग पडून राहतो. गोडीछाटणीनंतर नवी फूट त्या साठ्यावर वाढते, आणि कोठारातून धान्याबरोबर जसे खडे यावेत तसा तो अंश घडापर्यंत येतो. युरोपात नासपतीच्या झाडांवरही हाच अनुभव आलेला होता. वापर थांबविल्यानंतरच्या हंगामातील फळांतसुद्धा अंश निघाला होता. काही बागाईतदारांनी तर गोडीछाटणीनंतरही जोमदार फूट आवरण्यासाठी सीसीसी मारले होते. तेथे अंश येणार हे उघडच होते.

हे काम रसायनावाचून होत नाही असे मुळीच नाही. खरडछाटणीनंतर नत्राची मात्रा हात राखून द्यावी, पाणी वेलीच्या गरजेपुरतेच ठेवावे, काडी सात पानांची झाली म्हणजे शेंडा खुडून सबकेन घ्यावी, गर्दीच्या फुटी वेळीच काढून प्रत्येक डोळ्यावर ऊन पडेल असे करावे. यास मजूर अधिक लागतात व मालकास बागेत स्वतः हिंडावे लागते; बाटली उघडणे सोपे असते.

खरा संशय आणि पोकळ संशय

याच काळात शहरातील गिऱ्हाइकांत द्राक्षाविषयी अनेक गोष्टी पसरल्या व आजही पसरत असतात. लांबट मणी दिसला की, 'याला इंजेक्शन दिले आहे' असे म्हणतात. मण्यावर पांढुरकी लव दिसली की, 'हे औषधच चिकटले आहे' असे म्हणून द्राक्षे खाली ठेवतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास अशा शंकांची उत्तरे देता आली पाहिजेत, आणि ती देताना पोकळ शंका कोणती व खरी कोणती हे त्यास प्रथम स्वतःच्या मनाशी पक्के करावे लागेल.

इंजेक्शनची गोष्ट घ्या. एका एकरात साधारणतः नऊशे वेली बसतात. वेलीवर तीस घड आणि घडात शंभर मणी धरले तरी एकरात सत्तावीस लाख मणी होतात. प्रत्येकास सुई टोचावयास माणसे आणावयाची कोठून? शिवाय टोचलेला मणी दोन दिवसांत कुजतो. ही शंका एवढ्या हिशेबानेच निकालात निघते.

लांबट मण्याची हकीकत मात्र नीट सांगावी लागते, कारण तीत तथ्य आहे. पूर्वी नाशिकच्या बागांत भोकरी, फकडी यांसारख्या बियांच्या जाती होत्या. बी स्वतःच जिबरेलिन तयार करते व त्यामुळे मणी फुगतो. थॉमसन सीडलेससारख्या जातीत बी वाढत नाही, म्हणून मणी मुळात लहानच राहतो. बियांकडून जे मिळावयाचे ते बागाईतदार बाहेरून देतो. हे जिबरेलिन एका बुरशीपासून मिळते. जपानात भाताची काही रोपे भलतीच उंच वाढून कोलमडत. तेथील शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखविले, की त्या रोपांवरील बुरशी जे द्रव्य सोडते त्यामुळे ही वाढ होते. आज तीच बुरशी टाक्यांत वाढवून हे संजीवक तयार करतात. मणी बाजरी-ज्वारीएवढे असल्यापासून पुढे घड या द्रावणात बुडविले जातात, आणि त्यानंतर काढणीस सुमारे दोन महिने तरी जातात. गिऱ्हाइकाने विचारले तर 'होय, बुडवितो. हे द्रव्य अमुक, कारण हे' असे सांगण्यात कमीपणा काय आहे? तरीही बाजारात विक्रेता सांगतो, 'नाही ताई, काही मारलेले नाही, नुसता शेणखतावरचा माल आहे.' ताई घरी जाऊन शेजारणीकडून खरे काय ते ऐकते, आणि पुढच्या खेपेस त्या विक्रेत्याचे खरे बोलणेही तिला खोटे वाटते.

पांढुरक्या लवेचे म्हणाल तर ती फळाचे स्वतःचे नैसर्गिक मेण होय. ती शाबूत असणे हे माल ताजा व कमी हाताळलेला असल्याचे चिन्ह आहे. बोर्डो मिश्रणाचा निळसर डाग मात्र निराळा दिसतो, आणि तो दिसला तर त्यास मेण म्हणू नये.

अफवेने किती हानी होते हे २०२० सालच्या मार्चमध्ये कुक्कुटपालकांनी अनुभवले. कोंबडीच्या मांसातून करोनाचा रोग पसरतो अशी निराधार गोष्ट भ्रमणध्वनीवरून पसरली आणि काही दिवसांत महाराष्ट्रभर ब्रॉयलरचे भाव खाद्याच्या खर्चाच्याही खाली आले. तेथे पालकांची काहीच चूक नव्हती, व शास्त्रीय माहिती ठामपणे सांगणे हाच उपाय होता. सीसीसीच्या बाबतीत गिऱ्हाइकाची तक्रार खरी होती. तेथे 'ही परदेशी व्यापाऱ्यांची खोडी आहे' असे म्हणून सुटका होण्यासारखी नव्हती. जो कार्यकर्ता दोन्ही प्रसंगी 'सर्व ठीक आहे' हे एकच उत्तर देतो, त्याचे पहिले उत्तर बरोबर असूनही दुसऱ्यामुळे फुकट जाते.

अमेरिकेतील सफरचंद बागाईतदारांचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. फळ झाडावरून लवकर गळू नये व रंग चांगला यावा म्हणून तेथे डॅमिनोझाइड हे वाढनियंत्रक, अलार या नावाने, फवारीत असत. हेही झाडात शोषले जाणारे, धुऊन न जाणारे. १९८९ सालच्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवरील एका गाजलेल्या कार्यक्रमात ते मुलांना धोकादायक असल्याचे सांगण्यात आले. शाळांनी सफरचंदे देणे थांबविले आणि वॉशिंग्टन राज्यातील बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. अलार न वापरणाऱ्यांनाही वेगळा भाव मिळाला नाही, कारण सफरचंदाकडे पाहून कोणासही ते ओळखता येत नव्हते. उत्पादक कंपनीने त्याच वर्षी खाद्यपिकांसाठी त्याची विक्री थांबविली. धोका किती मोठा होता यावर तज्ज्ञांचा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला. बागाईतदारांनी दूरचित्रवाणी कंपनीवर दावा लावला, तो १९९३ साली फेटाळला गेला. तोपर्यंत चार हंगाम निघून गेले होते.

नाव नसलेली बाटली

आज नाशिकच्या बागाईतदारास सीसीसीचा धोका ठाऊक झाला आहे. नवा धोका दुसऱ्याच दाराने येतो. काडी जाड करणारे, मण्यास चकाकी आणणारे, 'पूर्णपणे जैविक' म्हणून विकले जाणारे द्रव बागेच्या बांधावर येऊन विकले जातात. वेष्टनावर पानाफुलांचे चित्र असते, पण आत काय आहे ते नसते. अशा काही द्रवांत कीटकनाशके किंवा वाढरोधके न सांगता मिसळलेली असतात, म्हणून तर त्यांचा 'गुण' आठ दिवसांत दिसतो. बागाईतदार प्रामाणिकपणे सांगतो, की मी काही रासायनिक मारलेले नाही, आणि तपासणीत अंश निघतो. अशा वेळी त्याचे बोलणे खोटे नसते. त्यास ते ठाऊकच नसते.

२०२१ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना नोंदणीच्या कक्षेत आणले. त्यामुळे बागाईतदारास एक हत्यार मिळाले आहे. मात्र ते त्याने वापरावयास हवे. बाटलीवर घटकांची नावे, प्रमाण, उत्पादकाचा पत्ता व नोंदणीचा उल्लेख नसेल तर ती बागेत येऊ देऊ नये. पक्की पावती न देणाऱ्याकडून काही घेऊ नये. शेजाऱ्याने दिलेले उरलेसुरले द्रव तर मुळीच नको. द्राक्षपट्ट्यात शेजारधर्म मोठा आहे, पण पंप भरताना तो आड येता कामा नये.

देशातील गिऱ्हाईक

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. परदेशी जाणाऱ्या घडाची नोंद होते, नमुना काढला जातो, दाखला मिळतो. तोच घड नाशिकच्या किंवा मुंबईच्या बाजारात गेला तर त्याच्याबरोबर कोणताच कागद जात नाही. देशात अंशमर्यादा नाहीत असे नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे व त्याखाली मर्यादा ठरविलेल्या आहेत. परंतु पेटीमागून पेटी तपासणारा येथे कोणी नाही. त्यामुळे 'हा निर्यातीचा प्लॉट, हा लोकलचा' अशी बागेची वाटणी होते आणि लोकलच्या प्लॉटवर काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळला जातोच असे नाही. भुरी दिसली म्हणून काढणीच्या आठवड्यात फवारणी होते. आपल्या घरची मुले ज्या बाजारातील द्राक्षे खातात तोच हा बाजार. येथील गृहिणी युरोपातील खरेदीदाराप्रमाणे माल परत पाठवू शकत नाही, ती फक्त घेणे सोडते. आणि तिने सोडले हे बागाईतदारास भाव पडेपर्यंत कळत नाही.

म्हणून फवारणीची वही दोन्ही प्लॉटसाठी एकच असावी. तीत तारीख, औषधातील घटकाचे नाव, मात्रा, पाणी, फवारणाऱ्याचे नाव व पावतीचा क्रमांक त्याच दिवशी लिहावा; हंगामाच्या शेवटी आठवून लिहिलेली वही वहीच नव्हे. कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा ती बागेत बसून पाहावी. शिक्क्यापुरती न पाहता पावत्यांशी ताडून पाहावी. बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला स्वतः विक्री करणाऱ्या बागाईतदाराने ती वही गल्ल्याजवळ ठेवली व मागणाऱ्यास दाखविली, तर फलकावरील 'विषमुक्त' या शब्दापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. विषमुक्त हा शब्द आता इतक्या ठिकाणी रंगविलेला आहे, की वाचणारा तिकडे पाहतही नाही.

खरडछाटणीच्या वेळी आणखी एक खबरदारी घ्यावी. पूर्वी सीसीसी दिलेला प्लॉट असेल तर ते वहीत स्पष्ट लिहून ठेवावे आणि माल तपासणीस देताना प्रयोगशाळेस तसे सांगावे, म्हणजे त्यासाठी स्वतंत्र तपासणी झाली की नाही हे विचारता येते. बाग दुसऱ्याकडून कसण्यास घेतली असल्यास मागील दोन खरडछाटण्यांत वेलीवर काय फवारले, हे आधीच्या कसणाऱ्याच्या घरी जाऊन विचारावे, शक्य तर त्याच्या पावत्या पाहाव्यात, व ती माहिती नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.